सिंकशेजारच्या बरण्या

थांबाकाकांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. बाकी अख्खं हॉस्पिटल त्यांना थांबाकाका म्हणायचं, कारण कुणी घाई केली की त्यांच्या तोंडून पहिला शब्द तोच निघायचा. सर्जनचा फोन आला, थांबा. वॉर्डातून शिपाई रिपोर्ट न्यायला आला, थांबा. एकदा आगीची घंटा वाजली. आम्ही सगळे दाराकडे पळालो आणि हे आपले मशीनवर वाकून म्हणाले, "थांबा, एवढी एक पट्टी निघू दे." घंटा चुकून वाजली होती, हे नशीब. त्या दिवशी मी त्यांना इतकं बोलले की माझाच घसा बसला.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून आजार कोणता ते सांगायचं, हे माझं काम. पेशंट आम्हाला बघत नाहीत, आम्ही पेशंटला बघत नाही. आमची लॅब तळघरात, लाँड्रीच्या शेजारी. वर कुणी बरं झालं तर आभार सर्जनचे, आणि रिपोर्टला उशीर झाला तर शिव्या आमच्या. ही वाटणी मला कधीच पटली नाही, आणि मी ते लोकांना ऐकवतेही. माझा स्वभाव तसा आहे. लॅबमधले लोक म्हणतात, मॅडम मनाच्या चांगल्या आहेत, आणि मग जरा लांब उभे राहतात.

काका लांब उभे राहत नसत. ते तंत्रज्ञ होते. पेशंटचा तुकडा मेणात बसवायचा, मेणाचा तो ठोकळा मशीनच्या पात्यावर कापायचा आणि केसाहून किती तरी पातळ चकत्या काढायच्या, हे त्यांनी छत्तीस वर्षं केलं. चकत्या एकमेकींना चिकटून पट्टी बनते. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती गेली की काचेवर उचलायची, मग रंगवायची. काका कापताना ठोकळ्यावर तोंडाची वाफ सोडायचे, म्हणजे मेण तडकत नाही. त्या वेळी त्यांच्याशी बोलायला बंदी. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, मला एकदा म्हणाल्या होत्या, "ह्यांना काकडी चिरायला द्यायची सोय नाही. चकतीतून पेपर वाचता येतो, पण जेवायला संध्याकाळ होते." काका शेजारीच बसून हसत होते. लग्नाला तीस वर्षं झालेला माणूस जसा हसतो, तसं.

त्यांची एक सवय मात्र माझ्या डोक्यात जायची.

मूत्राशयाचे नमुने येतात ते असे. सर्जन दुर्बीण आत घालतो, संशयाची जागा खरवडतो, आणि निघालेले तुकडे औषधी पाण्याच्या बरणीत घालून खाली पाठवतो. मूत्राशयातून रक्त जात असतं, म्हणून बरणीत तुकड्यांबरोबर रक्ताच्या गुठळ्याही येतात. औषधात पडून त्या घट्ट आणि काळपट होतात. आपण चिमट्यानं तुकडे वेचायचे, छोट्या जाळीच्या डबीत घालून पुढच्या प्रक्रियेला लावायचे. गुठळ्या म्हणजे नुसतं रक्त. त्या राहिल्या बरणीत, आणि दुसऱ्या दिवशी बरणी गेली कचऱ्यात. मी शिकले त्या ठिकाणी असंच करायचे.

काका गुठळ्या फेकू देत नसत. सिंकशेजारी त्यांनी एक फळी ठोकून घेतली होती. प्रत्येक बरणी त्या फळीवर, चिकटपट्टीवर पेन्सिलीनं तारीख घालून. तुकड्यांत आजार सापडला तर ठीक. नाही सापडला, तर काका कुणाला न विचारता त्या बरणीतल्या सगळ्या गुठळ्या गाळून, डब्यांत भरून मशीनला लावायचे. सगळ्या म्हणजे सगळ्या. मग माझ्या टेबलावर दहा-बारा काचा जास्तीच्या. बघा रक्त, आणि परत बघा रक्त.

"काका, ह्यात काय मिळणार आहे?" मी विचारायचे.

"काही नाही, मॅडम."

"मग?"

"काही नाही ते बघून झालं, की फेकू."

नऊ वर्षं हा संवाद चालला. त्या नऊ वर्षांत गुठळ्यांमध्ये काहीही सापडलं नव्हतं. मी एकदा वर लेखी तक्रार करायचं ठरवलं होतं. तक्रार लिहिलीही, पण काकांच्या काचांवर कधी एक सुरकुती नसायची. असा माणूस परत मिळत नाही, एवढी अक्कल मला होती. कागद ड्रॉवरमध्येच राहिला.

मग टेलरबाईंची बरणी आली.

फॉर्मवर लिहिलं होतं: वय अठ्ठावन्न, चार महिन्यांपासून अधूनमधून लघवीतून रक्त. बारा वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, त्यावर किरणोपचार, तो पूर्ण बरा. आता दुर्बिणीतून मूत्राशय आतून लालसर, डाव्या बाजूला एक छोटी, उचललेली, रक्त वाहणारी जागा. ती खरवडली आहे. सर्जनचा अंदाज: जुन्या किरणोपचारांचा परिणाम.

हा अंदाज अगदी वाजवी होता, हे मी आजही म्हणेन. किरणं कर्करोगाला जाळतात तशी शेजारच्या मूत्राशयालाही थोडी भाजतात, आणि त्या भाजल्याची किंमत कधी कधी दहा-बारा वर्षांनी वसूल होते. रक्तवाहिन्या फुगतात, नाजूक होतात, फुटतात. मी गुरुवारी सकाळी काचा बघितल्या. पाच तुकडे. पाचांतही तेच: सूज, फुगलेल्या वाहिन्या, त्यांच्या जाड झालेल्या भिंती. काही पेशी जरा वेड्यावाकड्या, पण किरणांनंतर पेशी तशा होतातच. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं जुळत होतं. मी रिपोर्ट लिहिला: किरणोपचारांचे जुने परिणाम, कर्करोग आढळला नाही. सही करायला पेन उघडलं.

"थांबा," काका म्हणाले.

ते माझ्या दारात उभे होते. "त्या बरणीत गुठळ्या आहेत, मॅडम. बऱ्याच आहेत. आज लावतो, उद्या दुपारी काचा देतो."

वरून सर्जनचा दोनदा फोन येऊन गेला होता. पेशंटला आज घरी सोडायचं होतं. माझ्या टेबलावर तेवीस केसेस पडल्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काका, नऊ वर्षं झाली! नऊ वर्षांत तुमच्या गुठळ्यांनी मला काय दिलं? चष्म्याचा नंबर तेवढा वाढवून दिला. बाईंना बारा वर्षांपूर्वी किरणं दिलीत, सगळं जुळतंय, आणि तुम्ही म्हणताय थांबा. कशासाठी?"

काका दारातून हलले नाहीत. वाद घालणं त्यांना येतच नव्हतं, आणि त्यामुळे त्यांच्याशी भांडण जिंकताही येत नसे.

तेवढ्यात रिपोर्टच्या खिडकीतून आवाज आला. "माझंच चाललंय का हो हे?"

खिडकीबाहेर एक बाई उभ्या होत्या. हॉस्पिटलचा ढगळ झगा, त्यावर स्वतःची शाल, हाताला सलाईनची सुई तशीच. वॉर्डातल्या नर्सची नजर चुकवून त्या लिफ्टनं खाली आल्या होत्या. रिपोर्ट मिळाला की सुट्टी, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्या स्वतःच न्यायला आल्या.

"मी टेलर आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी शाळा उघडतायत आणि माझे चाळीस गणवेश कापून पडलेत. पोरं काय उघडी जाणार शाळेत? म्हणून विचारायला आले. आता कानावर पडलं ते असं, की तुम्ही म्हणताय झालं आणि हे म्हणतायत राहिलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेशंटसमोर असं बोलायचं नसतं, हे मी शिकाऊ डॉक्टरांना स्वतः दटावून सांगते. मी शक्य तेवढ्या शांतपणे म्हटलं, "महत्त्वाचं सगळं बघून झालंय. काका म्हणतायत तो उरलासुरला भाग आहे. त्यात बहुतेक काही निघणार नाही."

"पण शिल्लक आहे ना?"

"आहे."

"मग बघा की," त्या म्हणाल्या. "मी पण कापडाची चिंधी उलटून बघितल्याशिवाय टाकत नाही. एक दिवसानं काय होतंय. गणवेश मी करते बरोबर." मग त्यांची नजर काकांच्या अ‍ॅप्रनवर गेली आणि त्यांचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. "अहो, हे काय? खिशाला स्टेपलर मारलाय?"

काकांनी खिशावर हात ठेवला. "सुटला होता."

"सुटला तर शिवतात," टेलरबाई म्हणाल्या, आणि सलाईनचा हात सांभाळत लिफ्टकडे गेल्या.

मी पेनाला टोपण लावलं. काकांवरचा राग गेला नव्हता, पण आता दोन मतं माझ्या विरुद्ध होती.

शुक्रवारी दुपारी काचा आल्या. रक्ताची गुठळी कापायला महाकठीण असते. ती पात्याखाली तडकते, भुगा होतो. काकांनी सहा ठोकळे बर्फावर ठेवून, एकेकावर वाफ सोडत, जेवणाची सुट्टी बुडवून ते कापले होते. मी पहिली काच बघितली. रक्त. दुसरी, रक्त. तिसरी आणि चौथी रक्त. पाचवी काच मी सरावानं सरकवत होते, आणि एका कडेला, गुठळीत अडकलेला, तिळाएवढा एक तुकडा दिसला.

मी भिंग वाढवलं.

चांगल्या रक्तवाहिन्यांना शिस्त असते. एक नळी, तिला आतून एका थराचं अस्तर, पेशी चपट्या आणि गप्प. इथे नळ्या एकमेकींत घुसत होत्या. कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात, पत्ता नाही. अस्तराच्या पेशी गप्प पडून नव्हत्या, खिळ्याच्या डोक्यांसारख्या आत उभ्या राहिल्या होत्या, काळ्याभोर, मोठ्या, आणि त्यांतल्या बऱ्याच दुभंगत होत्या. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला तर नळ्या उरल्याच नव्हत्या. नुसता पेशींचा दाट गठ्ठा.

ज्या कागदावर मी काल सही करणार होते, तो तिथेच डाव्या हाताला होता.

आता मी एक कबुली देते, कारण हे काकांचं चित्र आहे आणि ते खरं उतरायला हवं. एवढं बघूनही मी दुसऱ्यांदा चुकणार होते. पेशींचा दाट गठ्ठा मूत्राशयाच्या नेहमीच्या कर्करोगासारखा दिसत होता. तो आजार आम्ही महिन्यातून चार वेळा बघतो. मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशींना तपकिरी करणारा एक खास रंग असतो, तो मी लावायला सांगितला. सोमवारी काच आली. पेशी तपकिरी झाल्या होत्या. फिकट आणि तुकड्यातुकड्यांत, पण झाल्या होत्या. झालं, नेहमीचाच कर्करोग. मी लिहायला बसले. तो असता तर बाईंच्या मूत्राशयात औषध सोडून, मधूनमधून दुर्बिणीनं तपासत राहायचं, असंही चाललं असतं.

आणि कुणी काही न बोलता मीच थांबले. काका तिकडे सिंकपाशी बरण्यांवर तारखा घालत होते. मला वाटलं, उद्या ह्यांनी विचारलं की रंग फिकट का, तर मी काय सांगू? मी परत बघितलं. गठ्ठ्यातल्या काही पेशींच्या पोटात बारीक पोकळ्या होत्या, आणि एकेका पोकळीत एकेक तांबडी रक्तपेशी बसली होती. मूत्राशयाच्या अस्तराची पेशी असलं काही करत नाही. स्वतःच्या अंगात रक्ताला वाट करून देणं, हे रक्तवाहिनीच्या पेशीचं काम.

मी रक्तवाहिनीच्या अस्तराला ओळखणारे दोन रंग मागवले. काकांनी ते स्वतः लावले, शेजारी तुलनेसाठी चांगल्या वाहिनीचा तुकडा ठेवून. बुधवारी काच बघितली. एका रंगानं पेशींच्या कडा गडद तपकिरी, दुसऱ्यानं पेशींची केंद्रं. त्यात फिकट काही नव्हतं.

अँजिओसार्कोमा. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग, तोही मूत्राशयात. मी तो तोपर्यंत फक्त पुस्तकात वाचला होता, तोही परीक्षेपुरता. जगातल्या लॅबमधून मोजक्या केसेस लिहिल्या गेल्यात, आणि त्यांतल्या काही अशाच, बऱ्याच वर्षांपूर्वी किरणं घेतलेल्या माणसांच्या. तो वेगानं वाढतो, रक्तातून पसरतो, आणि औषधं सोडून बघत बसायला वेळ देत नाही. मी काचा माझ्या जुन्या सरांकडे पाठवल्या. हा माणूस चाळीस वर्षं फक्त अशा गाठी बघत आलाय. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "तुझं बरोबर आहे. पण एवढासा तुकडा तुला मिळाला कुठे?"

"गुठळीत," मी म्हटलं.

"गुठळ्या कोण बघतं?" सर म्हणाले.

मी सर्जनला फोन केला. एरवी तो माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. त्या दिवशी त्यानं पुरं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी तिला घरी पाठवणार होतो. सहा महिन्यांनी या म्हणून."

टेलरबाईंचं अख्खं मूत्राशय काढलं. ते आमच्याकडेच आलं. गाठ वाटाण्याएवढी होती, स्नायूच्या वरच्या थरात शिरलेली, आणि चारी बाजूंच्या कडा स्वच्छ. कडांच्या काचा मी तीन-तीनदा बघितल्या आणि प्रत्येक वेळी माझा जीव भांड्यात पडला. पुढे औषधांचे सहा फेरे झाले. हा आजार असा आहे की डॉक्टर अजूनही त्यांना "बऱ्या झालात" म्हणत नाहीत, "सध्या काही नाही" म्हणतात. त्या त्यावर म्हणतात, "मला सध्याच हवंय."

हे त्या मला म्हणाल्या, कारण आठ महिन्यांनी त्या परत आमच्या खिडकीत उभ्या राहिल्या. डोक्याला रुमाल, अंगावर स्वतः शिवलेला ड्रेस, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. चाळीस गणवेश त्यांच्या नणंदेनं पुरे केले होते आणि त्यांतल्या सगळ्या काजांबद्दल त्यांची तक्रार होती.

"त्या दिवशी थांबा म्हणाले ते कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

काका ठोकळ्यांच्या खोलीत जाऊन लपले होते. मी त्यांना अक्षरशः बाहीला धरून बाहेर आणलं. बाईंनी पुडकं उघडलं. पांढरा अ‍ॅप्रन. दुहेरी शिवण, मोठे खिसे, खिशांच्या कोपऱ्यांना त्रिकोणी टाके. "आता बैल बांधला तरी सुटणार नाही," त्या म्हणाल्या. "घाला."

काकांनी घातला. खांद्यात तंतोतंत बसला. त्या एका भेटीत बाईंनी माप डोळ्यांनीच घेतलं होतं.

"सर्जननी मला सगळं सांगितलं," टेलरबाई म्हणाल्या. "माझा आजार कुठे सापडला आणि कुणी ठेवला होता. मी तुमचे आभार मानायला आलेय. कसे मानायचे ते मला कळत नाही, म्हणून हे शिवलं."

काकांनी मान हलवली. "माझे नका मानू."

"मग कुणाचे?"

मला वाटलं, ते माझं नाव घेणार. खोटं कशाला सांगू, मी मनात जरा ताठही झाले होते. काका सिंककडे बघत होते.

"मी नवा होतो," ते म्हणाले. "दुसरंच वर्ष. एक बरणी आली होती. चार तुकडे आणि तळाला गुठळ्या. मी तुकडे उचलले आणि बाकीचं ह्या सिंकमध्ये ओतलं. सगळे तसंच करायचे. रिपोर्ट आला, काही नाही. पाच महिन्यांनी त्याच नावाची बरणी परत आली, आत अख्खी गाठ. मोठी. ती पण मीच उघडली." ते थांबले. "चौतीस वर्षांची होती. आधीच्या गुठळ्यांत काही असतंच, असं नाही. नसेलही. पण मी बघितलं नाही, एवढं खरं आहे."

नऊ वर्षं मी ह्या माणसाशी गुठळ्यांवरून भांडत होते. नऊ वर्षांत त्यांनी हे मला एकदाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी एकदाही भांडले नसते. हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नसावं. आपल्या चुकीचं ओझं दुसऱ्याच्या अंगावर टाकून त्याला गप्प करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

टेलरबाईंनी काकांच्या नव्या खिशाची कड अंगठ्यानं सपाट केली. मग म्हणाल्या, "नाव काय तिचं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. पेशंटची नावं आम्ही सांगत नाही. मी भिंतीकडे तोंड केलं, म्हणजे मी काही ऐकलं नाही असं म्हणता आलं असतं. काकांनी नाव सांगितलं. नुसतं पहिलं नाव. इतकी वर्षं ते त्यांच्या ओठांवर आलं नसावं. ते नाव मी इथे लिहीत नाही.

"अ‍ॅप्रन काढा," टेलरबाई म्हणाल्या.

"का? बसतोय की."

"काम राहिलंय त्यात."

पुढच्या गुरुवारी त्या अ‍ॅप्रन परत घेऊन आल्या. बाहेरून काहीच बदललं नव्हतं. काकांनी घातला, सवयीनं खिशात हात घातला आणि त्यांची बोटं कशाला तरी अडली. त्यांनी खिसा उलटा केला. आतल्या बाजूला, निळ्या दोऱ्यानं, बारीक टाक्यांत ते नाव होतं.

"हिच्यामुळे तुम्ही माझी बरणी ठेवलीत," टेलरबाई म्हणाल्या. "मग आभार तिचे पण मानायला पाहिजेत ना. तुमचे बाहेरून, तिचे आतून."

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि परत काढला. त्या दिवशी दुपारनंतर त्यांच्या हातून एक पट्टी सुरकुतली. इतक्या वर्षांत मी बघितलेली ती एकच.

त्यानंतर काका दोन वर्षं होते. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी भाषणं केली. मला भाषण जमत नाही, मला ओरडता येतं. मी ड्रॉवरमधली ती जुनी तक्रार काढली, त्यांच्यासमोर फाडली आणि म्हटलं, "काका, तुम्ही नसता तर एका बाईचा जीव माझ्या सहीखाली गेला असता, आणि मला ते कधी कळलंही नसतं. मी तुमची जन्मभर ऋणी आहे." काकू डोळे पुसत म्हणाल्या, "ह्यांना आता घरी काकडी मी चिरू देणार नाही हं." जाताना काकांनी अ‍ॅप्रन धुऊन, इस्त्री करून सिंकशेजारच्या खुंटीला लावला. घरी नेला नाही.

टेलरबाई दर सहा महिन्यांनी तपासणीला येतात आणि आधी आमच्या खिडकीत डोकावतात. आता साडेचार वर्षं झाली. सध्या काही नाही.

काकांच्या जागी दुसऱ्या हॉस्पिटलातून एक तंत्रज्ञ आल्या. वीस वर्षांचा अनुभव, हात चांगला, आणि माझ्यासारख्याच फटकळ. पहिल्याच सकाळी त्यांनी सिंकशेजारची फळी बघून नाक मुरडलं. "मॅडम, हे काय, लोणच्याचं दुकान? रक्त आहे नुसतं. टाकू?" एक बरणी उचलून त्या सिंककडे वळल्याही.

मी "थांबा" म्हणणार होते, पण मला ते काकांच्या आवाजात म्हणता येत नाही. मी म्हटलं, "आधी अ‍ॅप्रन घाला. खुंटीला आहे तो."

त्यांनी एका हातात बरणी तशीच धरून, दुसऱ्या हातानं अ‍ॅप्रन खांद्यावर ओढला. सवयीनं खिशात हात घातला. बोटं अडली. त्यांनी खिसा बाहेर काढून वाचलं.

"ह्या कोण?"

मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. चौतीस वर्षांच्या त्या बाईचं, टेलरबाईंचं, तिळाएवढ्या तुकड्याचं. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांच्या हातातली बरणी परत फळीवर गेली होती, आणि त्या पेन्सिल शोधत होत्या.